ओल्या मेंढ्यांची चिठ्ठी

ग्लेनिस टकवेलचे आणि माझे घर शेजारी शेजारी आहे. मधल्या कुंपणावर एक लिंबाचे झाड आहे. ते कोणाचे, हे तीस वर्षांत ठरलेले नाही. ज्याला लिंबू लागते तो तोडतो. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला जातो. ती मटणाच्या चापा, म्हणजे बरगडीचे तुकडे, भाजते, मी बटाटे उकडून नेतो. माझी बायको गेली तेव्हा ग्लेनिस आणि तिचा नवरा बॅरी यांनी ही पद्धत सुरू केली. चार वर्षांपूर्वी बॅरी गेला, तरी ती मोडली नाही.

आमच्या वाचनालयात या वर्षी एक जाड वही ठेवली आहे. ज्यांच्यावाचून आमच्या गिलगांड्रा गावाचे अडेल अशा माणसांविषयी कोणीही तिच्यात लिहावे, असे ग्रंथपाल बाईंनी सांगितले. दवाखान्यातल्या नर्सबद्दल तिघांनी लिहिले आहे, आग विझवणाऱ्या पथकाबद्दल पाच जणांनी. ग्लेनिसबद्दल कोणी लिहिले नव्हते. ती मैला उपसण्याची गाडी चालवते, म्हणून राहून गेले असेल. मला लिहायची सवय नाही आणि मी बोलायलाही फारसा उपयोगाचा नाही. पण तिच्या नावाचे पान नसणे मला बरे वाटले नाही.

गावाच्या हद्दीबाहेर गटार नाही. प्रत्येक शेतघराच्या अंगणात एक टाकी पुरलेली असते आणि तीन-चार वर्षांनी ती उपसावी लागते. उपसली नाही तर काय होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. बॅरीने सव्वीस वर्षे हेच काम केले. त्याच्या पिवळ्या गाडीच्या पाठीवर त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले होते : ‘फार जवळ येऊ नका, आम्ही भरलेलो आहोत.’ तो गाडीवर असायचा आणि ग्लेनिस घरी फोनवर. बॅरीच्या हृदयाने दगा दिला तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. लोकांना वाटले, आता गाडी विकली जाणार. तिने अवजड गाडीचा परवाना काढला. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या परीक्षेत पास झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात बॅरीचीच टोपी घालून बॅरीच्याच गाडीत बसून कामाला लागली.

काम तिला जमले. फोन जमला नाही. हातात नळी, नळीला ओढ, आणि गाडीत फोन वाजतोय. हातमोजे काढा, हात धुवा, तोवर तो बंद. संध्याकाळी उलटा फोन करावा, तर समोरचा म्हणायचा, “अगं, आम्ही डबोच्या लोकांना बोलावलं. तुझा फोन लागेना.” डबो हे जवळचे मोठे शहर; तिथल्या त्या लोकांकडे तीन गाड्या आहेत आणि फोन घ्यायला वेगळे माणूस आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा मालक क्रेग पेलम स्वतः आला. तिची गाडी आणि गिऱ्हाइकांची यादी, दोन्ही विकत घ्यायला तो तयार होता. रक्कम वाईट नव्हती. एकतीस मार्चपर्यंत कळवा, म्हणाला.

त्या गुरुवारी ग्लेनिस जेवली नाही, नुसती काट्याने वाटाणे ढकलत बसली.

“विकली तर मी सकाळी उठून करू काय, मर्व्ह? तुझं लिंबाचं झाड बघत बसू?”

“ते तुझं आहे,” मी म्हणालो.

“बघ, ते सुद्धा माझ्या गळ्यात!”

गाडी तिला विकायची नव्हती. पण महिन्याला आठ-दहा कामे फोनमुळे हातची जात होती, आणि असेच चालू राहिले तर वर्षभरात पडेल त्या भावाला विकावी लागली असती. फोनसाठी गावातले माणूस ठेवावे, तर ताशी तीस डॉलर आणि वर पेन्शनचे पैसे. तेवढे धंद्यातून निघत नव्हते.

तिची मुलगी लिअॅन न्यूकॅसलला एका ऑफिसात आहे. तिने तोडगा काढला. त्यांच्याकडे फिलिपाइन्समधल्या बायका घरी बसून कॉम्प्युटरवरून फोन घेतात, कामे लावतात, पावत्या पाठवतात. त्यांना व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. “आई, तुला ताशी पाच डॉलरमध्ये मिळेल,” लिअॅन म्हणाली. “आणि तुझ्या गाडीचा वास तिला येणार नाही.”

जाहिरात लिअॅननेच टाकली. चार अर्ज आले. ‘ताशी किती अपेक्षित आहे’ या रकान्यात तिघींनी ‘बोलून ठरवू’ असे लिहिले होते आणि चौथीने काहीच लिहिले नव्हते. ही चौथी म्हणजे मेरिफे सोब्रेवेगा, इलोइलो नावाच्या गावची, वय चौतीस. पण अर्जाच्या शेवटी, तुम्हाला काही विचारायचे आहे का, या जागी तिने एक प्रश्न लिहिला होता : ‘टाकीचे झाकण कुठे आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असते का?’

ग्लेनिस तो प्रश्न वाचून बराच वेळ हसत होती. “तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. हीच पाहिजे.”

कारण खरे दुखणे तेच होते. झाकणावर माती येते, गवत येते, मालक घर विकून जातो, आणि नव्या मालकाला अंगणात टाकी कुठे आहे याचा पत्ता नसतो. मग ग्लेनिस लोखंडी सळई घेऊन जमीन टोचत फिरते. कधी दहा मिनिटे, कधी तासभर. लांबच्या कामात तोच तास जातो आणि दिवसाचे तिसरे काम बुडते.

दोन आठवड्यांची चाचणी ठरली, दिवसाला चार तास. त्याचे लिअॅनने ठोक दोनशे डॉलर ठरवून टाकले आणि आईला नंतर सांगितले.

मेरिफेने पहिल्याच दिवसापासून प्रत्येक माणसाला झाकण विचारायला सुरुवात केली. नुसते विचारून ती थांबत नसे. फोन हातात घेऊन माणसाला अंगणात जायला लावायची. धुण्याच्या दोरीपासून किती पावले? कुठल्या बाजूला? कुत्रा बांधलेला असतो का? फाटकाला कुलूप? जुने गिऱ्हाईक असले तर बॅरीच्या डायऱ्या काढून बघायची. त्या डायऱ्यांची सगळी पाने लिअॅनने फोटो काढून तिला पाठवली होती आणि ती रिकाम्या वेळात एकेक वर्ष टिपून काढत होती. दोन आठवड्यांत तिच्याकडे एकशे चाळीस झाकणांची वही तयार झाली. या मुलीने उभ्या आयुष्यात मेंढी पाहिलेली नव्हती, पण आमच्या तालुक्यात कोणाची टाकी कुठे पुरली आहे हे तिला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते.

आमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे पाच वाजलेले असतात, त्यामुळे फोनवर मागे कोंबडे आरवत असत. कित्येकांना वाटले, ती इथेच कुठेतरी राहते. तूरावीना या शेजारच्या गावचा कीथ ऑरॉक मला बाजारात भेटला. चेहऱ्यावर गोंधळ.

“मर्व्ह, ग्लेनिसकडची ती नवीन बाई कोण रे? मी टाकी भरली म्हणून फोन केला, तर मला विचारते, जेवलात का?”

“मग?”

“मग काय, हो म्हणालो. तर म्हणते, काय जेवलात?”

“तू सांगितलंस?”

“सांगितलं ना. मग तिने काय खाल्लं ते मी पण विचारलं. बायको गेल्यापासून मला जेवणाचं कुणी विचारलं नव्हतं.” कीथने टोपी मागे सारली. “पण टाकीच्या फोनवर जेवणाचं बोलणं जरा विचित्रच, नाही?”

चाचणी संपायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ग्लेनिसने चापा वाढल्या आणि म्हणाली, “तिला ठेवायची. पण किती द्यायचे?”

मी बटाटे वाढत राहिलो.

“लिअॅन म्हणते पाच. इंटरनेटवर चार ते दहा दिसतात. पाच! मर्व्ह, आपल्याकडे शाळेतली पोरं पेपर टाकायचे याहून जास्त घेतात. बाबा थडग्यातून उठून येईल.”

तिचे वडील लेन वॉरबॉइझ शेडांमध्ये मेंढ्यांची लोकर कातरायचे. मी त्याच शेडांमध्ये लोकरीची प्रतवारी करत असे, म्हणून मला ते माहीत. चांगले कातरणारे पुष्कळ होते, पण भांडायला पुढे लेन असायचा. एकदा एका मालकाने नव्या आलेल्या मुलाला शंभर मेंढ्यांमागे इतरांहून कमी दर लावला. मुलगा गप्प होता, त्याला काम हवे होते. लेनने हातातले यंत्र खाली ठेवले. त्याच्यामागे शेडमधल्या बाकी अकरा जणांनीही ठेवले. तीन दिवस सगळे झाडाखाली बसून होते. ग्लेनिस तेव्हा नऊ वर्षांची होती आणि चहाची किटली घेऊन शेड ते झाड अशा फेऱ्या मारायची. चौथ्या दिवशी त्या मुलाला सगळ्यांसारखा दर मिळाला. अशा घरातल्या बाईला पाच डॉलर हा आकडा तोंडातून काढणे जड होते.

“तीस देऊ शकत नाही,” ती म्हणाली. “पाच देववत नाहीत. मधला कुठला आकडा खरा, ते मला कुणी सांगेना. तू सांग. तू आयुष्यभर मालाची किंमतच तर ठरवलीस.”

“मी प्रत ठरवायचो. किंमत लिलावात ठरायची.”

“तुझ्याशी बोलण्यापेक्षा कुत्र्याशी बोललेलं बरं,” ती म्हणाली आणि हाड कुत्र्याला टाकले.

सोमवारी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. लिंबे द्यायला म्हणून मी गेलो होतो, तर मला बाजूला बसवून घेतले. पडद्यावर मेरिफे होती. मागे तिच्या आईचे छोटे दुकान दिसत होते, दोरीला शांपूच्या पुड्या लटकत होत्या.

“हं, मेरिफे. काम पक्कं. आता सांग, तासाला किती पाहिजेत?”

“तुम्हीच ठरवा, मॅडम.”

“मॅडम नको म्हणू. ग्लेनिस म्हण. किती?”

“हो, मॅडम ग्लेनिस. तुम्ही द्याल ते चालेल.”

“अगं, मेंढ्यांच्या लिलावात सुद्धा कुणीतरी पहिला आकडा बोलतं! तू काम करणार, तू सांग.”

“तुम्हाला योग्य वाटेल ते, मॅडम.”

ती हसत होती आणि जागची हलत नव्हती. ग्लेनिसने माझ्याकडे पाहिले, मी खिडकीकडे पाहिले. मग ग्लेनिसने श्वास घेतला आणि आकडा टाकला : “पंधरा.”

मेरिफेने मागे वळून आईच्या दुकानाकडे पाहिले. एक कोंबडा आरवला.

“खूप आभारी आहे, मॅडम,” मेरिफे म्हणाली. “खूप खूप आभारी आहे.”

ग्लेनिस दिवसभर खुशीत होती. तीसच्या निम्मे, पाचाच्या तिप्पट. “बाबाला अर्धं तोंड तरी दाखवता येईल,” म्हणाली. लिअॅन फोनवर किंचाळली ते मला कुंपणापलीकडून ऐकू आले.

मंगळवारी मेरिफे आली नाही. सकाळी निरोप आला, ‘मॅडम, आज घरी अडचण आहे, माफ करा.’ बुधवारी तोच निरोप. गुरुवारी निरोपही नाही. फोन पुन्हा गाडीत वाजायला लागला. बुधवारी एका वसतिगृहाचे मोठे काम डबोकडे गेले. क्रेग पेलमचा मात्र फोन बरोबर घेता आला, कारण तो जेवणाच्या सुट्टीत आला. सोमवारी एकतीस तारीख आहे, याची त्याने आठवण करून दिली.

त्या संध्याकाळी चापा करपल्या होत्या.

“पाचवाल्या टिकतात आणि पंधरावाली पळते!” ग्लेनिस ताटल्या आपटत होती. “मला वाटलं आपण माणसासारखं वागलो. काय चुकलं माझं? नको असेल तर नको म्हण ना बाई! आकडा विचारला तर सांगणार नाही, दिला तर तोंड लपवणार. यापेक्षा विकून मोकळी होते. सोमवारी क्रेगला हो म्हणते.”

मी करपलेली चाप कापत होतो. पण तिचे बोलणे ऐकताना मला शेडमधला तो कोवळा मुलगा आठवला. त्या मुलालाही लेनने आधी विचारले होते, तुला हा दर मान्य आहे का. मुलगा म्हणाला होता, तुम्ही म्हणाल तसे.

“ओल्या मेंढ्यांचं शेडमध्ये कसं करायचे?” मी म्हणालो.

“काय?”

“पाऊस पडून गेला की. तोंडी कुठे विचारायचे कुणाला?”

ग्लेनिस ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

रात्री पाऊस झाला असला की सकाळी प्रश्न यायचा, मेंढ्या ओल्या की कोरड्या. ओली लोकर कातरली तर कातरणाऱ्याचे सांधे धरतात, आणि कातरली नाही तर दिवसाची मजुरी बुडते. दांडग्या माणसासमोर नवखा तोंड उघडत नाही. म्हणून रीत अशी होती : प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या, मग कोणाशी एक शब्द न बोलता चिठ्ठीवर ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ लिहायचे आणि टोपीत टाकायचे. चिठ्ठ्या मोजून जे निघेल ते सगळ्यांना मान्य. कोणी कोणाला नंतर विचारायचे नाही.

“तिला मी तोंडावर विचारत बसले,” ग्लेनिस म्हणाली. मग ताटली खाली ठेवून तिने फोन घेतला आणि मेरिफेला निरोप लिहिला : ‘पगारावर बोलायचं नाही. उद्या सकाळी एक कागद आणि पेन घेऊन पाच मिनिटं बस. मग जायचं तर जा.’

शुक्रवारी आठ वाजता मेरिफे पडद्यावर आली. केस ओले होते, डोळे खाली होते. आज तिची आईही मागे स्टुलावर बसली होती, हाताची घडी घालून. ग्लेनिसने टेबलावर बॅरीची टोपी उलटी ठेवली आणि मेंढ्यांची सगळी रीत सांगितली. मेरिफे लक्ष देऊन ऐकत होती, मधूनमधून आईला सांगत होती.

“तर दोघींनी एकेक आकडा लिहायचा,” ग्लेनिस म्हणाली. “बोलायचं नाही. मर्व्ह चिठ्ठ्या बघेल. त्याला गप्प राहण्याची सवय आहे.”

“मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“मेंढ्या ओल्या की कोरड्या, हे मालक पण लिहितो का?”

“छे! मालकाला कुठलं मत? तो तर पाण्यातून काढलेली मेंढी पण कोरडीच म्हणेल. जो कातरतो तोच लिहितो.”

मेरिफेने आईकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “पण मॅडम, तुम्ही तर मालक आहात.”

ग्लेनिसचे पेन हवेतच राहिले. तिने तोवर आपली चिठ्ठी लिहून टोपीत टाकलीसुद्धा होती. लेन वॉरबॉइझची मुलगी, आणि तिला ही गोष्ट एका मेंढी न पाहिलेल्या बाईने सांगावी! ती माझ्याकडे वळली.

“मर्व्ह?”

“बरोबर आहे तिचं,” मी म्हणालो. “मालकाची चिठ्ठी मोजत नाहीत.”

“कळलं. उगीच गंभीर तोंड करू नकोस.” तिने पेन खाली ठेवले. “चल मेरिफे, लिही. तू लिहिशील तो दर.”

मेरिफेने लिहायला वेळ घेतला. कागद दोन्ही हातांनी पडद्यासमोर धरला. तीन ओळी होत्या. मी चष्मा पुसून वाचून दाखवल्या आणि चिठ्ठीवर उतरवून टोपीत टाकल्या : ‘तासाला नऊ. डिसेंबरात एक महिन्याचा पगार जादा, आमच्याकडे तेरावा महिना देतात. सहा महिन्यांनी पुन्हा चिठ्ठी.’

“नऊ?” ग्लेनिस म्हणाली. “मी पंधरा देत होते. तुला पंधरा का नकोत?”

आता मेरिफेने मान वर केली. आकडा एकदा कागदावर आल्यावर तिला बोलता येत होते.

“मॅडम, तुमच्या डायऱ्या मी टिपल्या आहेत. जूनपासून जमीन ओली असते, गाडी आत जात नाही. गेल्या जुलैत एका आठवड्यात तुमच्या चारच टाक्या झाल्या. तेव्हा तुम्ही पंधरा कुठून देणार? तुम्ही चांगल्या आहात, महिना-दोन महिने द्याल, मग एक दिवस सांगाल, मेरिफे, आता जमत नाही. माझ्या आधीच्या साहेबांनी असेच भरभरून दिले. चौथ्या महिन्यात त्यांचं दुकान बंद झालं.”

“मग सोमवारीच का नाही बोललीस?”

“तुम्ही इतक्या आनंदात होता, मॅडम. मला तोंडावर नाही म्हणता आलं नाही. आणि हो म्हणून कामाला बसायचं, तर तेही खोटं. मग मी आलेच नाही.”

मागून तिची आई काहीतरी ठसक्यात बोलली.

“काय म्हणाल्या?” ग्लेनिसने विचारले.

मेरिफे लाजली. “आई म्हणते, हिला सांग, दुकान मी पण चालवते. आणि विचारते, तुम्ही जेवलात का.”

ग्लेनिसने नाक ओढले, मग हातरुमाल शोधला, मग सर्दी झाली आहे असे मला सांगितले. मी विचारले नव्हते.

“नऊ,” ती पडद्याकडे वळून म्हणाली. “आणि डिसेंबरचा महिना. चिठ्ठी मोजली. आता मला सांग, आज कुठे जायचं? तीन दिवस झाले, मी सळई घेऊन अंगणं भोसकत हिंडतेय.”

क्रेग पेलमला तिने सोमवारपर्यंत थांबवले नाही, त्याच दुपारी नाही म्हणून कळवले. तो म्हणाला, विचार बदलला तर सांगा. ती म्हणाली, तुमच्या घराच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नव्हते. हे ती पुढचे दोन महिने सगळ्यांना सांगत होती.

जूनमध्ये पाऊस आला, पण मेरिफेने त्याची तयारी एप्रिलपासूनच करून ठेवली होती. शाळा, फिरत्या घरांचा कॅराव्हॅन पार्क, डांबरी रस्त्यालगतची घरे, अशी गाडी चिखलात न अडकणारी कामे तिने मागे ठेवली आणि शेतांतली कामे आधी उरकून घेतली. जुन्या डायऱ्यांतून कोणाची टाकी भरत आली असेल हे काढून ती स्वतःच लोकांना फोन करायची. टाकी भरायच्या आधीच फोन येतो हे लोकांना नवीन होते. कीथ ऑरॉकची टाकी खरे तर अजून वर्षभर चालली असती. पण त्याने फोनवर जेवणाचे सांगून झाल्यावर काम लावून टाकले. त्या जुलैत एका आठवड्यात चार टाक्यांच्या जागी नऊ झाल्या.

सप्टेंबरात दुसरी चिठ्ठी झाली. ग्लेनिसला मत नाही, पण तिने आपला एक अंदाज लिहून माझ्याजवळ द्यायचा आणि मी तो नंतर उघडायचा, एवढी सूट मेरिफेने तिला दिली. मेरिफेच्या चिठ्ठीवर दहा होते. ग्लेनिसच्या चिठ्ठीवर तेरा. ग्लेनिस वैतागली. “ही मला वाचवतेच आहे अजून. हिला वाटतं मी कधीही बुडेन.” डिसेंबरचा जादा महिना तिने पहिल्या तारखेलाच पाठवला. त्यातून मेरिफेच्या आईने दुकानात शीतपेयांचा फ्रीज घेतला, त्याचा फोटो आला. ग्लेनिसने तो गाडीत, बॅरीच्या फोटोखाली लावला आहे.

या मार्चमध्ये तिसरी चिठ्ठी झाली. टेबल तेच, टोपी तीच. मेरिफे आता ग्लेनिसला मॅडम म्हणत नाही, त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसे ‘मनांग’ म्हणते. ग्लेनिसने तो शब्द आधी मला म्हणून दाखवायला लावला आणि मग चालवून घेतला.

मेरिफेने कागद वर धरला. मी वाचला : ‘चौदा.’

मग मी ग्लेनिसची चिठ्ठी उघडली. तिच्यावर बारा होते.

पहिल्यांदाच मेरिफेचा आकडा मोठा निघाला होता. तिने आपला कागद खाली घेतला नाही. ग्लेनिसने एकदा तिच्या कागदाकडे पाहिले, एकदा आपल्या. मला वाटले, आता काही बिनसते की काय.

तिने टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की कुत्रा उठून बाहेर गेला.

“चौदा!” ती म्हणाली. “बघ मर्व्ह! बाईला वाटतंय की माझा धंदा चालणार!”

“चालतोयच की, मनांग,” मेरिफे म्हणाली. “वही माझ्याकडे आहे.”

“चौदा. मोजली. आता आजचं पहिलं काम सांग.”

“कुंबूगलजवळ, सडलर यांचं घर. नवीन मालक. त्यांना झाकण माहीत नाही, पण बॅरी साहेबांनी अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मागच्या दारापासून नऊ पावलं, पेपरकॉर्नच्या मोठ्या झाडाच्या दिशेने. झाड आता असेल-नसेल, म्हणून मी काल त्यांना खुंट शोधायला लावला. सापडला.”

ग्लेनिसने टोपीतल्या चिठ्ठ्या माझ्या हातावर ओतल्या, टोपी डोक्यावर घातली आणि गाडीकडे गेली. चिठ्ठ्या मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवतो. मेरिफेचे आकडे उतरवून घेतलेल्या धरून आता त्या सहा झाल्या आहेत. त्यांतल्या ग्लेनिसच्या तीन मोजायच्या नसतात, पण त्याही ठेवल्या आहेत.